आधी पाय

१

बुधवारी साडेअकरापर्यंत राजपालची अकरा पोटं पाहून झाली होती. पाहून म्हणजे पडद्यावर. पोटांचे धनी त्याला दिसत नसत, आणि ती सोय त्यानं मुद्दाम करून घेतली होती. बसवकल्याणला बसस्टँडमागं त्याचं स्कॅन सेंटर. पुढं विमलबाईंचा काउंटर आणि बाकडी, मध्ये सीटीचं मशीन, मशीनला लागून काचेआड ते चालवणाऱ्या ईरण्णाची बसायची जागा, आणि सगळ्यात मागं राजपालची अंधारी खोली. पेशंट पुढच्या दारानं येत, डॉक्टर मागच्या.

"तोंड बघितलं की माणूस बोलायला लागतो, आणि बोलायला लागला की त्याच्या आजीपासून सुरू करतो," असं तो म्हणायचा. रिपोर्टाचा साचा संगणकात तयार असे. सगळे अवयव जागच्या जागी आणि ठणठणीत असल्याचं आधीच लिहिलेलं. त्यात वेगळं दिसेल तेवढंच बदलायचं, की झाली सही. दिवसाला तीस-चाळीस पोटं अशी निघत.

बाहेरून आवाज यायचा तो एकच. "श्वास घ्या. रोखून धरा... आता सोडा." मशीन आलं तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीच्या, राजश्रीच्या आवाजात हे भरून घेतलं होतं. ती मराठी शाळेत शिकवायची, उच्चार स्वच्छ. अकरा वर्षं तो आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि आता तो पंख्याच्या आवाजाइतकाच त्याच्या कानावर पडत होता.

मोबाइल वाजला. दाजींचा, तात्यारावांचा होता. हा माणूस फोनवर नेहमी ओरडून बोलायचा. आज हळू बोलला.

"राजपाल, राजश्री गेली बघा."

"कुठं?"

हा प्रश्न आपण विचारला हे त्याला नंतर आठवलं. दाजी म्हणाले, "कलबुर्गीला. पित्ताची पिशवी आतच फुटली होती. टेबलावरच."

भिंतीपलीकडून राजश्री म्हणाली, "आता सोडा."

राजपालनं पडद्यावरचं बारावं पोट पाहून संपवलं, सही केली, आणि मग गाडी काढली.

२

आदल्या शनिवारी ती सेंटरवर आली होती. विमलबाई दारातून सांगून गेल्या होत्या, "डाक्टरसाब, अक्का आल्यात. डाव्या बरगडीखाली दुखायलंय म्हणतात. कारळाची चटणी आणलीय तुमाला."

"चटणी ठेवा, अक्काला मशीनवर पाठवा."

तो उठला नाही. अक्काचं पोट तीस वर्षांपासून दुखत होतं. हेडमास्तर बोलला की दुखायचं, बस चुकली की दुखायचं. मुडबीकडच्या एका गावात शिकवून शिकवून तिला सगळंच मोठ्यानं आणि तीनदा सांगायची सवय लागली होती. ते ऐकायला त्याला वेळ नव्हता.

चित्रं पडद्यावर आली. लिव्हर डावीकडे होतं.

त्यानं इंटरकॉम उचलला. "ईरण्णा, परत आधी पाय टाकलंस काय रे?"

मशीनला सांगावं लागतं, माणूस आत जाताना डोकं आधी की पाय आधी. ते चुकीचं भरलं की चित्रात डावं-उजवं बदलून जातं. ईरण्णानं अकरा वर्षांत ही चूक दोनदा केली होती. तेव्हापासून पडद्यावर काहीही वावगं दिसलं की राजपालच्या लेखी ती ईरण्णाची तिसरी चूक असे.

"न्हाई सर. डोकंच आधी. मीच झोपवलंय अक्कांना."

"मग लिव्हर डावीकडं कसं?"

"तेच इचारायलोय सर. तसंच असंल त्यांचं. असतंय म्हणे कुणाकुणाचं, जन्मापासून."

"कुणी सांगितलं तुला? डिप्लोम्यात होतं?" राजपाल हसला. "हजारोंत एखाद्याचं असतं ते, ईरण्णा. आमच्या घरात निघालं असतं तर मला कळलं असतं."

राजपालनं एक बटण दाबलं. आरशात पाहावं तसं चित्र उलटलं, लिव्हर उजवीकडे आलं, जिथं ते सज्जन माणसाचं असतं. स्प्लीनच्या, म्हणजे प्लीहेच्या, जागी एक गठ्ठा असायला हवा, तिथं बोरांसारखे पाच तुकडे दिसले. जास्तीचा एखादा तुकडा असतो कुणाला, म्हणून तेही त्यानं सोडून दिलं. पित्ताशयात एक खडा होता, चिंचोक्यासारखा, एका टोकाला चिमटलेला. चौदा मिलिमीटर. साच्यात ओळ होतीच: पित्ताशय उजव्या बाजूस, जागच्या जागी. पुढं त्यानं "एक खडा" एवढं जोडलं.

गावच्या डॉक्टरनं रिपोर्ट वाचला. खडा उजवीकडं आणि दुखणं डावीकडं, म्हणजे दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यानं गॅसच्या गोळ्या दिल्या. राजश्रीनं चार दिवस घेतल्या.

३

चादर आखूड पडली होती, म्हणून पाय उघडे राहिले होते. राजपालनं चेहऱ्याकडं पाहायचं टाळलं तर नजर तिथंच गेली. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. तो पाच वर्षांचा असताना त्याच्या हातून वरवंटा निसटला होता, तिच्या पायावर. ती घरात म्हणाली होती, माझ्याच हातून पडला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बाया जेवायला बसल्यावर, तिची मुलगी प्रेरणा त्याच्याजवळ आली. हुमनाबादला बँकेत होती. आईसारखीच समोर उभी राहून बोलायची.

"मामा, सर्जन म्हणले आईचं पोट सगळं उलटं होतं. लिव्हर डावीकडं. जन्मापासूनच. फोटोत दिसायला पाहिजे होतं म्हणले."

"फोटोत सगळं जागच्या जागी होतं."

"तुम्ही बघितला होता ना?"

"मग काय विमलबाईनं बघितला?"

ती हसली नाही. "मलाबी डावीकडं दुखतंय अधूनमधून."

"गॅस असतो तो."

"आईलाबी गॅसच म्हणले होते. आईचा रिपोर्ट नीट करून द्या, मामा. घरात असं असतंय हे कागदावर आलं तर उद्या माझ्या पोटाला हात लावणारा जरा बघून तरी लावंल."

"पुढच्या सोमवारी ये. तुझा स्कॅन करू."

"आणि आईचा रिपोर्ट?"

"बघू."

दाजी बाजूलाच बसले होते. पत्रावळीकडं बघत म्हणाले, "बघा. तुमचं कामच बघायचं आहे."

४

मंगळवारी तो कामावर आला. आधी ईरण्णाला सांगितलं, मशीनमधला आवाज काढून टाक.

"काढला सर, कालच. आता मी माइकवर सांगायलोय."

पहिला पेशंट गुरप्पा, हार्डवेअरचा व्यापारी. गाणगापूरला जाऊन आल्यापासून पोट बिघडलेलं. प्रसाद मागून मागून खाल्ला असणार, असा राजपालनं मनात रिपोर्ट तयार करून टाकला. चित्रं आली. लिव्हर डावीकडे.

"ईरण्णा!"

"डोकं आधी सर."

उजवीकडे बोरांसारखे पाच तुकडे. डाव्या पित्ताशयात एक खडा, एका टोकाला चिमटलेला. राजपालनं माउसनं रेघ ओढून मोजला. चौदा.

त्यानं अक्काची शनिवारची फाइल, न उलटवता, उघडून शेजारी लावली. हाडं वेगळी होती. गुरप्पाचा मणका जाड, एक बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. पण त्या हाडांच्या पिंजऱ्याच्या आत जे होतं ते दोन्हीकडे एक होतं, पाचव्या तुकड्यावरच्या खाचेपर्यंत.

राजपालला भीती वाटली नाही. राग आला. जुनी फाइल नव्यात मिसळली, दुसरं काय. त्यानं गुरप्पाला सोनोग्राफीच्या खोलीत घ्यायला लावलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एका पेशंटचं तोंड पाहिलं. लिव्हर उजवीकडे. खडा नाही. गुरप्पा आजीपासून सुरू करायच्या आत त्यानं त्याला बाहेर काढलं आणि 'नॉर्मल' लिहून सही केली.

मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअरनं हैदराबादेतून बसल्या जागी सगळं तपासलं. "मशीन एकदम बढिया है साब," तो फोनवर म्हणाला. "आप आराम कर लो दो दिन."

हा सल्ला ईरण्णानं ऐकला असेल, या विचारानं राजपालला दिवसभर चैन पडलं नाही.

५

गुरुवारी राजूबाई आली, वीटभट्टीवर काम करणारी. पुन्हा डावं लिव्हर, पाच तुकडे, तोच खडा. फक्त पित्ताशयाची भिंत सुजली होती. मंगळवारी तीन मिलिमीटर होती, आता पाच.

सोनोग्राफीत राजूबाईचं पोट धड होतं. "काय निघालं ओ डाक्टर?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काहीच न्हाई? मग दुखायलंय कामून?"

राजपाल तिच्यावर ओरडला.

शनिवारी शिवशंकर, बसचा कंडक्टर. भिंत आठ. भोवती पाण्याची काळी कड, आणि तळाशी एक जागा इतकी पातळ झालेली की तिथून आता काय होणार हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता आलं असतं.

राजपाल खुर्चीत मागं टेकला. फाइल मिसळली असती तर चित्र तेच राहिलं असतं. हे पुढं जात होतं. गुरप्पाच्या पोटात दिसला तो अक्का इथं आली होती तो शनिवार. राजूबाईच्या पोटात दिसला तो रविवार. हा आता मंगळवार होता, मरणाच्या आदल्या दिवसाचा. या दिवसांत अक्काचा कुणी स्कॅन काढला नव्हता. गावात घरी होती ती, गोळ्या खात. हे फोटो कुणीच, कधीच काढलेले नव्हते.

डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यानं स्वतःला बजावलं. दुःखात होतं असं, अडाणी लोकांना. आपण अडाणी नाही, हा मुद्दा त्यानं दोनदा तपासून पाहिला.

बाहेर विमलबाई ईरण्णाला म्हणत होत्या, "आजकाल साहेब सगळ्यांची तोंडं बघायलेत. काय झालंय त्यास्नी?"

"हरवलंय काय तरी," ईरण्णा म्हणाला.

६

सोमवारी प्रेरणा अकराला येणार होती. पावणेअकराला राजपालला भिंतीपलीकडून टेबल सरकल्याचा आवाज आला. लवकर आली असेल. आईसारखीच, बसच्या आधी स्टँडवर.

मग आवाज आला. "श्वास घ्या."

ईरण्णाचा नव्हता. उच्चार स्वच्छ होते.

"रोखून धरा."

काढला म्हणाला होता. एवढंही काम धड होत नाही याच्यानं. राजपाल शिवी शोधत होता, तोवर पडद्यावर चित्रं उतरायला लागली. डावं लिव्हर. पाच तुकडे. पित्ताशय फुटलेलं. खडा बाहेर पडून आतड्यांच्या वेटोळ्यांत जाऊन बसला होता, आणि काळं पाणी पोटभर पसरलं होतं.

हे प्रेरणाचं असेल तर तिला आत्ताच्या आत्ता गाडीत घालायला हवं. हे प्रेरणाचं नसेल तर.

तो "आता सोडा"ची वाट पाहत होता. ते येत नव्हतं. छातीत कळ आली तेव्हा त्याला कळलं, आपणच श्वास धरून बसलोय.

तो उठून ईरण्णाच्या जागेवर गेला. खुर्ची रिकामी होती. काचेपलीकडं मशीन घुमत होतं आणि टेबल आत गेलेलं होतं. या मशीनमध्ये माणूस आत गेला की काचेतून त्याचे पाय दिसतात, मशीनच्या अलीकडं. आज अलीकडं डोकं होतं, केस पिकलेले, टेबलाच्या कडेवरून खाली आलेले. चेहरा वर, छताकडं. आणि मशीनच्या गोल भोकातून, पलीकडच्या बाजूनं, दोन तळवे बाहेर आले होते. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

आधी पाय.

डोकं काचेच्या दिशेनं वळायला लागलं.

"मामा?"

तो मागं फिरला. दारात प्रेरणा उभी होती, हातात चिठ्ठी, एक हात डाव्या बरगडीखाली धरलेला. तिच्यामागं ईरण्णा.

"मला कधी घेणार? मघापासून बाहेरच बसलेय."

राजपालनं काचेतून पाहिलं. मशीन बंद होतं. टेबल बाहेर होतं, आणि त्यावर अंथरलेला कागद मध्यभागी चुरगळलेला होता.

"आत कुणाला घेतलं होतंस, ईरण्णा?"

"कुणालाच न्हाई सर. मी बाहेर हिचं वजन बघत होतो."

"तो कागद बघ. तुला काय दिसतंय?"

ईरण्णानं कागदाकडं पाहिलं. शांतपणे म्हणाला, "मला काय दिसतंय ते इतकी वर्षं तुमीच सांगत आलाव सर."

७

राजपालनं प्रेरणाला सीटीवर घेतलं नाही. सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. सवयीनं प्रोब पोटावर उजवीकडे ठेवला आणि लिव्हरच्या जागी त्याला लहान लहान तुकडे दिसले. त्यानं ते मोजले नाहीत. प्रोब उचलून डावीकडे ठेवला. लिव्हर तिथं होतं, पित्ताशयही, आणि त्यात एक लहान खडा, तोंडाशी अडकलेला. भिंत सुजायला नुकती सुरुवात झाली होती. अजून वेळ होता.

"मामा, हात का थांबलाय तुमचा?"

"जेल गार आहे."

"जेल तर माझ्या पोटावर आहे."

साचा न वापरता त्यानं पहिल्यांदा एक रिपोर्ट कोऱ्या कागदावर लिहिला. लिव्हर डावीकडे. पित्ताशय डावीकडे. जन्मजात. डावीकडे या शब्दाखाली दोनदा रेघ मारली. प्रेरणा कागद वाचत उभी राहिली.

"आईचंबी असंच होतं ना?"

"नीट दिसलं नव्हतं."

"मशीनला का तुम्हाला?"

"गाडी आलीय बघ बाहेर," तो म्हणाला.

कलबुर्गीला त्याच संध्याकाळी तिचं ऑपरेशन झालं. सर्जननं डावीकडूनच हात घातला. चौथ्या दिवशी ती घरी आली. आठवड्यानं दाजी सेंटरवर आले आणि काउंटरपाशी उभ्या उभ्याच बोलले, "पोरगी वाचली. जय भीम." विमलबाईंनी चहा सांगितला तर नको म्हणाले. जाताना राजश्रीच्या स्कॅनचे फोटो आणि रिपोर्ट असलेलं मोठं पाकीट काउंटरवर ठेवलं. "प्रेरणानं दिलंय. साहेबांना म्हणावं, यातलं तेवढं एक वाक्य नीट करा. आमाला कोर्टात जायचं न्हाई. घरात नीट कागद पाहिजे."

ईरण्णानं ते पाकीट आत आणून टेबलावर ठेवलं. तो काही बोलला असता तर राजपालला त्याच्यावर ओरडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट मारोती, ट्रॅक्टरवाला. डावं लिव्हर, पाच तुकडे. हाताच्या शिरेतून दिलेलं औषध रक्ताबरोबर पोटात जातं आणि अवयव उजळतात. इथं काहीच उजळलं नव्हतं. औषध खांद्यापाशी थांबलं होतं. रक्त वाहायचं थांबलं की असं होतं. लिव्हरच्या नसांमध्ये, शरीर कुजायला लागलं की भरते तशी, हवा भरायला लागली होती. पडद्यावरचं ते पोट मेलेलं होतं, आणि बाहेर मारोती विमलबाईंना विचारत होता, इथं भजी कुठं चांगली मिळतात.

तेव्हापासून रोज तसंच येतं. खडा वाढत नाही, भिंत सुजत नाही. जे बदलतं ते पाहून राजपाल पडद्याचा उजेड कमी करतो, प्रत्येकाला सोनोग्राफीच्या खोलीत बोलावतो, तोंडाकडं पाहतो, आजीपासून ऐकून घेतो. ईरण्णा आता माइकवर फक्त "श्वास घ्या" आणि "सोडा" एवढंच म्हणतो. मधलं "रोखून धरा" तो म्हणत नाही. तरी ते ऐकू येतं.

पाकीट टेबलावर आहे. पित्ताशय उजव्या बाजूस, जागच्या जागी, ही राजश्रीच्या रिपोर्टातली ओळ राजपालनं अजून बदललेली नाही.